इटालियन टेबल आणि लिंबाची फोड

माझ्या मुलीचं लग्न लिंबाच्या एका फोडीवरून मोडता मोडता राहिलं. फोड मी पिळली होती.

सुरुवात पुस्तकांपासून झाली. आमच्या रुताने नागरी सेवा परीक्षेसाठी भूशास्त्र घेतलं होतं. परीक्षा काही जमली नाही, पण गुरुग्रामला चांगली नोकरी लागली, आणि आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत ती जाडजूड पुस्तकं रद्दीवाल्याची वाट बघत पडून राहिली. एका रविवारी मी सहज एक उघडलं. त्यात लिहिलं होतं, की दिल्लीच्या रिजचा, म्हणजे शहरातल्या त्या टेकड्यांच्या रांगेचा, खडक हिमालयापेक्षा कितीतरी जुना आहे. म्हणजे ज्या खडकाला खेटून मी इतकी वर्षं स्कूटर लावत होतो, तो हिमालयाचा पणजोबा होता! दुसऱ्या दिवशी मी स्कूटर जरा लांब लावली.

त्यानंतर मी सुटलोच. मेट्रो स्टेशनच्या भिंतीवरचा ग्रॅनाइट निरखताना माझ्या गाड्या चुकायला लागल्या. सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं एवढंच होतं, की तिच्याकडे मी असं टक लावून कधी बघितलं नव्हतं. (ते खरं आहे. पण ग्रॅनाइटमध्ये अभ्रक चमकतं.)

अशातच रुताने नचिकेतचं नाव सांगितलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, आईवडील नोएडात. त्यांनी आम्हाला नाश्त्याला बोलावलं. निघताना सुनंदाने बजावलं, की तिथे दगडांविषयी चकार शब्द काढायचा नाही. मी कबूल केलं, आणि अगदी मनापासून केलं.

पण नचिकेतच्या आईने, सुलभाताईंनी, आम्हाला बसवलं ते नेमकं एका पांढऱ्याशुभ्र टेबलाशी. हा अस्सल इटालियन मार्बल, घरातली सगळ्यात लाडकी वस्तू, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग पोहे आले. पोह्यांवर लिंबाची फोड होती.

आता पुस्तकात असं आहे, की संगमरवर म्हणजे मुळात चुनखडी. जमिनीच्या पोटात दाबून, भाजून निघालेली. तिच्यावर आम्लाचा थेंब पडला की बारीक बुडबुडे येतात. हे मी वाचलं होतं, पण बघितलं नव्हतं. समोर मार्बल होता, हातात आम्ल होतं. मी शब्द दिला होता तो बोलायचं नाही असा, पिळायचं नाही असा नव्हे.

बशीच्या आडोशाला मी एक थेंब टाकला. बुडबुडे आले नाहीत. दुसरा टाकला. तेव्हा नचिकेतच्या वडिलांनी, अविनाशरावांनी, विचारलं, "काय बघताय?"

"काही नाही, फेस येतो का ते."

का यायला हवा, ते मी थोडक्यात समजावलं. रुताने डोळे मिटून घेतले होते.

"मग येतोय का?" सुलभाताईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने जोडलं, की लिंबू तसं सौम्य असतं.

हीच चूक झाली. सुलभाताई उठल्या आणि व्हिनेगर घेऊन आल्या. त्यानेही काही झालं नाही. खऱ्या मार्बलवर सुरीने ओरखडा उठतो, हे मी बोलून गेलो, तर अविनाशराव सुरी घेऊन आले. त्यांनी जोर लावून रेघ ओढली. टेबलावर काळी रेघ उमटली खरी, पण ती बोटाने पुसली गेली. ओरखडा नव्हताच तो, सुरीचंच लोखंड झिजून टेबलाला लागलं होतं. टेबल सुरीपेक्षा कडक निघालं. क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, चुरा गोंदासारख्या रसायनात थापून असे दगड कारखान्यात करतात, आणि ते टिकाऊ असतात, असं मी उत्साहाने सांगितलं. कोणालाच आनंद झाला नाही.

"पण दुकानदार इटालियन म्हणाला होता," सुलभाताई म्हणाल्या.

"कारखाना इटलीत असू शकेल," मी म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, की खरा मार्बल असतो तरी कसा. मी तोंडी सांगायला हवं होतं. पण कोपऱ्यात त्यांचं जुनं, पांढऱ्या दगडाचं देवघर होतं, अविनाशरावांच्या आईने राजस्थानातून आणलेलं. मी जाऊन त्याच्या पायरीवर लिंबाचा एक थेंब टाकला. बारीक, सुंदर बुडबुडे आले. "हा बघा खरा!" मी ओरडलो.

पुसलं तर तिथे रुपयाएवढा मंद डाग. पुन्हा पुसला, जाईना. बुडबुडे येतात म्हणजे दगडच विरघळून जात असतो. हे पुढच्या पानावर असणार. मी पान उलटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत रुता खिडकीबाहेर बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबा, मला तो खरंच आवडतो." इतक्या हळू, की मला त्या पुस्तकांची पहिल्यांदाच चीड आली.

संध्याकाळी फोन आला. सुलभाताईंचा आहे म्हटल्यावर माफी मागायला तो मीच घेतला. पण मला बोलूच दिलं नाही. त्या म्हणाल्या, की दिवसभर अविनाशराव व्हिनेगरची बाटली घेऊन घरभर फिरतायत, ओटा तपासला, खिडक्यांचे कठडे तपासले. इतके खूश ते रिटायर झाल्यापासून दिसले नव्हते. देवघराच्या डागावर त्यांनी कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं, आणि ते छान दिसत होतं. लग्न तर बिल्कुल पक्कं. फक्त सुनेसाठी करोल बागेत हिऱ्याच्या कुड्या बघायला जायचंय, तर दुकानदाराने फसवू नये म्हणून मी बरोबर हवा.

"तुमच्यासारखा जाणकार असताना दुसऱ्या कोणाला विचारायचं?" त्या म्हणाल्या.

मी लगेच हो म्हणालो. हिऱ्यांचं प्रकरण पुस्तकात पार शेवटी आहे आणि मी अजून ज्वालामुखीतच अडकलोय, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.