केळीच्या धाग्याची पाठवणी

दापोऱ्यात घड उतरला की केळीचं खोड बांधावर फेकतात. भागाबाई ते उचलून आणी, त्याचे पापुद्रे सोलून बोथट विळ्यानं खरवडी आणि निघालेले रेशे सावलीत वाळवी. त्यांच्या दोऱ्या वळण्यात तिचा जन्म गेला. मग तिच्या बहिणीची मुलगी तृप्ती इंदूरच्या एका प्रयोगशाळेत लागली आणि मावशीनं धाडलेल्या त्याच रेशांपासून माणसाच्या पोटातल्या जखमा शिवायचा धागा करू लागली. तेव्हापासून भागाबाई गावात जरा सावकाश चालू लागली.

पण धागा दोनदा नापास झाला. धागा भिजवलेलं पाणी बशीतल्या जिवंत पेशींवर घालतात. त्या जगल्या तरच पुढची परीक्षा. इथे सगळ्या मेल्या. आता पुन्हा मेल्या तर केळीचा नाद सोडायचा, असं प्रयोगशाळेतल्या सरांनी बजावलं. तृप्ती बस धरून थेट दापोऱ्याला आली.

"कुणाच्या होत्या गं त्या पेशी?" भागाबाईनं हळहळून विचारलं.

"उंदराच्या."

"मंग रडते कशाले? उंदीर मेले तं बरंच झालं वो माय!"

तृप्तीला हसू आलं नाही. धाडायला ठेवलेली रेशांची लडी ती उलटीपालटी करत होती. आतल्या बाजूला लालसर डाग होता.

"मावशी, ये क्या है? सच्ची बोल." तृप्तीच्या तोंडी इंदूरची हिंदी आली.

"कुंकू. हळद बी लावली." भागाबाई जराही ओशाळली नाही. "पोरगी सासरी धाडताना तशीच धाडता का? हा तं माणसाच्या पोटात चालला. वरून पुसून टाकते मी, तुह्या सरांले दिसू नये म्हणून."

"दोन्ही वेळेला लावलंस?"

"दुसऱ्यांदा जरा जास्तच. पहिल्यांदा नापास झाला ना."

तृप्तीनं कपाळाला हात लावला. "अगं, बाजारच्या कुंकवात रंग असतो, केमिकल असतं. पेशी त्यानंच मेल्या असतील!"

नवी लडी तिनं समोर बसून काढून घेतली. खोड ताजं, पाणी उकळलेलं, भागाबाईच्या हातांत रबरी मोजे. पिशवी बंद होऊन बसमध्ये चढली, तेव्हा भागाबाईला पाहुण्याला उपाशी वाटेला लावल्यासारखं वाटलं.

काही आठवड्यांनी फोन आला. पेशी जगल्या होत्या. आता सशांवर, मग कुठे माणसांवर. वर्षं लागतील, पण सरांनी केळ सोडली नव्हती. भागाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"पास झाला का वो?" शेजारच्या मालूबाईनं कुडावरून विचारलं.

"झाला नाही तं काय," भागाबाई म्हणाली. "या खेपेले पोरीनं काहीच लावू दिलं नाही. आधीचं दोन्ही वेळचं कुंकू कामी आलं."