आबांच्या बांधावरचा शनी

ईरा, निहार, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही शाळेसाठी केलेली सूर्यमाला दाखवलीत. थर्माकोलचे सगळे ग्रह एका खोक्यात, खेटून. रंगवलेत सुरेख. पण आमच्या टेपसरांनी ते खोकं पाहून पहिलं विचारलं असतं, "अंतर कुठंय?" म्हणून त्यांच्याबद्दल आजच लिहायला बसले.

टेपसर विज्ञान शिकवत, मी इंग्रजी. आमची शाळा बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिंपळीजवळ. सरांच्या खिशात एक वेळ पेन नसे, पण मोजायची टेप कायम असे. बाक, खिडकी, पोरांची लांब उडी, लग्नातला मांडव. दिसेल ते मोजायचे. "अंदाज स्वयंपाकात चालतो, बाई," असं मला ऐकवायचे. माझ्या स्वयंपाकात तोही चालत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी सातवीसाठी खऱ्या प्रमाणातली सूर्यमाला करायला घेतली. बैलगाडीचं जुनं चाक पिवळं रंगवून शाळेच्या गच्चीवर उभं केलं, तो सूर्य. त्या मापानं पृथ्वी हरभऱ्याएवढी, ती फाटकापाशी. शनी मोसंबीएवढा, पत्र्याचं कडं घातलेला. त्याची जागा आली शिवारात, एका बांधावर. शेवटचा वरुण तर पार काटेवाडीच्या वाटेला. प्रत्येक ग्रहाला एक लाकडी खांब. सगळं जागेवर लागलं. सकाळी पोरांना सूर्यापासून वरुणापर्यंत चालवत न्यायचं, आणि आदल्या संध्याकाळी बांधाचे मालक आबा शनीचा खांब उपटून, खांद्यावर टाकून शाळेत हजर.

"सर, माझ्या बांधावर शनी? गावात दुसरं कुणी घावलं न्हाय व्हय? मला गुरू द्या की!"

"गुरू अलीकडं असतो, आबा."

"मग ह्याला पलीकडं तात्याच्या रानात सरकवा. त्याचं लई बरं चाललंय."

मीसुद्धा म्हटलं, "सर, थोडं सरकवा. पोरांना काय कळतंय?"

सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग शांतपणे आबांना विचारलं, "कारखान्याच्या काट्यावर तुमचा ऊस तोलताना कुणी म्हणालं, थोडं इकडंतिकडं चालतंय, तर?"

"काट्यावर? गळा धरीन त्याचा!"

"मग माझा काटा का सरकवता?"

आबांनी खांब पुन्हा खांद्यावर घेतला. "लावतो माघारी," ते म्हणाले, "पर दर शनिवारी तेल घालणार. त्याला न्हाय म्हणायचं न्हाय."

सरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "घाला. जागा हलवू नका, म्हणजे झालं."

सकाळी सातवी चालत निघाली. शनीपाशी मागे वळून पाहिलं, तर गच्चीवरचं ते एवढं मोठं चाक ठिपक्याएवढं झालेलं. एक मुलगी म्हणाली, "सर, हितनं ऊनबी लागायचं न्हाय." सर इतके खूश झाले, की दिवसभर त्यांनी काही मोजलं नाही.

निवृत्तीनंतरही ते त्या बांधावर जात. आबा चिडवायचे, "सर, तुमचा शनी लाभला बरं का, उसाचा उतारा चांगला पडला." खांब जागचा हलला नाही ना हे पाहायला सर खाली बसून बांधाच्या टोकापासून टेप लावायचे.

गेल्या वर्षी सर गेले. बाकीचे खांब काही रस्ता रुंद करताना गेले, काही वाळवीनं खाल्ले. शनीचं लाकूड मात्र तेल पिऊन काळंभोर झालं आहे. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. आबा आता थकले, शनिवारी त्यांची सून तेल घालते.

शनी सरांनी मोजलेल्या जागीच आहे.