गाडीचा वर्षावास

चिखलीहून देऊळगाव राजाकडे जाताना फाट्यावरून आत वळलं की अंतरखेड लागतं. तिथल्या ढोरांच्या दवाखान्यात माणिकराव वाकोडे यांनी नोकरीची एकवीस वर्षं काढली. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा पशुधन पर्यवेक्षक असा होता, पण एवढा लांब शब्द गावात कोण म्हणणार? लोक त्यांना डाक्टरच म्हणत. आणि डाक्टर दिसायच्या आधी त्यांची राजदूत ऐकू येई.

ती गाडी त्यांनी एका दूधवाल्याकडून जुनी घेतली होती. टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, मागं निळा धूर. डांबरी रस्त्यावर ती फार पळत नसे, पण तिचं काम डांबरावर नव्हतंच. पांदण, नाल्याची उतरण, नांगरलेलं वावर, वाडीकडं चढणारी मुरमाड टेकडी, असे तिचे रस्ते. काळी माती चाकात अडकू नये म्हणून माणिकरावांनी मिस्त्रीकडून पुढचा मडगार्ड चार बोटं वर उचलून घेतला होता. टायर खोल नक्षीचे होते आणि मागं औषधांची पेटी बांधायला लोखंडी पिंजरा होता.

आषाढ लागला की मात्र काळ्या रानापुढं तिचंही काही चालत नसे. चिखल चाकाला असा लपेटायचा की ढकलायलाही दोन माणसं लागत. म्हणून आषाढी पौर्णिमेला माणिकराव गाडी तीन महिने ठेवून देत आणि एसटीनं नाहीतर पायी हिंडत. विहारातला वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळाभर एकाच जागी राहायचा काळ, त्याच दिवशी सुरू होई. वस्तीतले लोक हसून म्हणत, "डाक्टरची गाडी बी वर्षावासाले बसली."

ते ठेवणं बघण्यासारखं असे. आधी गाडी नाल्यावर नेऊन धुवायची. परत येताना थोडी पळवायची, म्हणजे आतलं पाणी इंजिनाच्या उष्णतेनं वाळतं. अंगणात आणून चालूच ठेवायची आणि पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मिनिट-दोन मिनिटं ती तशीच चालायची, मग आवाज फाटायचा, आचके द्यायची आणि आपसूक थांबायची. म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब उरला नाही. नाहीतर तेच पेट्रोल सुकून आत डिंकासारखं बसतं. गाडी निवली की टाकीतलं पेट्रोल डब्यात काढायचं, प्लग खोलून त्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडायचं, किक हळू हळू दाबायची म्हणजे ते सगळीकडं पसरतं. शेवटी किक जिथं जड लागेल तिथंच पिस्टन सोडायचा, म्हणजे आत ओल शिरत नाही. प्लग बसवायचा, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, डबल स्टँडखाली फळी, वरून गोणपाट आणि ताडपत्री. अडीच-तीन तास मोडत. त्या वेळात कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीच्या पौर्णिमेची आहे. दुपारपासून माणिकराव गाडीला लागले होते. साडेपाचला ताडपत्रीची शेवटची गाठ मारली. विहारात त्या संध्याकाळी धम्मग्रंथाचं पहिलं वाचन त्यांच्याकडंच होतं. बायकोनं, जनकाबाईनं, धुतलेले पांढरे कपडे खाटेवर काढून ठेवले होते. ते साबणानं हात घासत असताना सायकलवरून तुळशीराम आला.

तुळशीराम टेकडीवरच्या गायवाडीचा. नऊ किलोमीटर पांदण तुडवून आला होता, शर्ट अंगाला चिकटला होता.

"डाक्टरसायब, वहिनीची गाय अडली. दुपारपासून कया देते. वासराचा एकच पाय भायेर आला."

वहिनी म्हणजे रुखमाबाई. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. दीर तुळशीराम शेजारीच राहायचा. माणिकरावांना ते घर चांगलं ठाऊक होतं. गायवाडीत ते नवे असताना दोन-तीन घरांत त्यांच्यासाठी कोनाड्यातला वेगळा कप निघायचा. रुखमाबाईनं पहिल्याच दिवशी घरच्या कपात चहा दिला होता, कुणी काही म्हणेल याची पर्वा न करता. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नव्हते.

एकच पाय बाहेर म्हणजे दुसरा आत दुमडलेला. हात घालून तो सरळ करायचा आणि गाईच्या कळेबरोबर ओढायचं. असं काम त्यांनी शंभरदा केलं होतं. पण वेळ गेला की हातातून जातं.

त्यांनी तुळशीरामकडं पाहिलं, मग ताडपत्रीकडं. पाऊस नव्हता. दोन दिवस उघडीप होती, पांदणीतून गाडी गेली असती.

"गाडी तं आत्ताच बंद केली," ते म्हणाले.

"मंग चालू नाई होत का?"

"तीन महिन्यांसाठी बंद केली, तुळशीराम. इंजिनात ऑइल भरलं. आता खोलाले मिस्त्री लागते. तू असं कर, गाईले पेंड नको देऊ, कोमट पाणी पाज. मी सकायच्या गाडीनं येतो."

दारातून जनकाबाई हळूच म्हणाली, "पेट्रोल तं डब्यात हाये ना."

"तुले काय समजते त्यातलं?" माणिकराव म्हणाले. ती आत गेली.

तुळशीरामला इंजिनातलं काही कळत नव्हतं. डाक्टर म्हणतात म्हणजे तसंच असणार. तो ताडपत्रीजवळ थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "मले जरा आंधी याले पायजे होतं." आणि सायकल वळवून निघून गेला.

खरं असं होतं की मिस्त्री-बिस्त्री काही लागत नव्हतं. गाठी सोडायच्या, चिंधी काढायची, प्लग पुसायचा, डब्यातलं पेट्रोल ओतायचं आणि दहा-बारा किका. थोडा जास्त धूर झाला असता, एवढंच. माणिकरावांना हे तेव्हाही माहीत होतं. पण अंग आंबलं होतं, हात स्वच्छ झाले होते, कपडे खाटेवर तयार होते, आणि तीन तास खपून केलेलं काम पुन्हा उसवायचं त्यांच्या जिवावर आलं. बस, एवढंच कारण होतं. त्या संध्याकाळी त्यांनी विहारात वाचन केलं. काय वाचलं ते त्यांना आठवत नाही.

सकाळच्या एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी ते गायवाडीला पोचले तेव्हा नऊ वाजले होते. गाय गोठ्यात आडवी पडली होती, पोटावर माश्या. वासरू अर्धं बाहेर, तेही गेलेलं. रुखमाबाई उंबऱ्यावर बसली होती. ती रडत नव्हती.

वाडीतला एक म्हातारा पुटपुटला, "डाक्टर रातीच आले असते तं वाचली असती."

रुखमाबाईनं मान वर केली. "गाडी बंद होती त्याईची. लोखंडापुढं माणूस काय करते? उगी बोल लावू नका."

माणिकरावांनी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी पंचनामा लिहिला.

पुढं पंधरा वर्षं ते गायवाडीला जात राहिले. रुखमाबाईनं दुसरी गाय घेतली, ती व्याली तेव्हा तिनं डबाभर खरवस कुणाच्या तरी हाती अंतरखेडला पाठवला. माणिकरावांनी तो शेजारी देऊन टाकला. जनकाबाईनं विचारलं नाही. त्या संध्याकाळबद्दल नवरा-बायकोत पुन्हा शब्द निघाला नाही. कुणी गाईचा विषय काढला की रुखमाबाई तेच म्हणायची, गाडी बंद होती. ती इतक्यांदा म्हणाली की गायवाडीत ते खरंच होऊन बसलं.

तुळशीराम मात्र बदलला असं माणिकरावांना वाटे. ते चहाला बसले की तो यायचा, रामराम घालायचा, पण कप पुढं केला तर हातानं नको म्हणायचा. पूर्वी तो घेत असे. माणिकरावांनी मनात त्याचा एकच अर्थ लावला. रुखमाबाईसारखी सगळी नसतात, ह्याच्या मनात आपल्या जातीचं आहेच; आधी दाखवत नव्हता, आता गाईचं निमित्त झालं. त्यांनीही मग तुळशीरामशी कामापुरतंच बोलायला सुरुवात केली. पुढं निवृत्ती झाली आणि गायवाडीला जाणं सुटलं.

गाडी मात्र त्यांनी विकली नाही. पासष्टीतही आठवड्यातून एकदा ते तिच्यावरून माळावर चक्कर मारून येत, आणि आषाढी पौर्णिमेला तिला बसवत.

यंदा त्या दिवशी मुलगी घरी आली होती. सुवर्णा बुलढाण्याला शाळेत शिक्षिका आहे. बापाचे हात आता थरथरतात, पुढं हे कुणाला आठवणार म्हणून ती मोबाईलवर सगळं टिपून घेत होती. कॉक बंद केला, गाडी आचके देत थांबली, प्लग निघाला, ऑइल गेलं. माणिकराव खुशीत होते. एकेक गोष्ट सांगत होते.

"आणि बाबा, मधेच कधी लागली तर? परत चालू करायला किती वेळ?"

"त्याले काय लागते? पंधरा मिनिटं."

ओसरीवर जनकाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, फक्त पाहिलं, आणि पुन्हा खाली मान घातली. सुवर्णाच्या काही ध्यानात आलं नाही. माणिकरावांनी पाना खाली ठेवला. "बाकीचं उद्या," असं म्हणून ते आत जाऊन पडले. गाडी तशीच उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं निघाले. सुवर्णानं विचारलं तर जनकाबाईच म्हणाली, "जाऊ दे त्याईले. काम हाये त्याईचं."

रुखमाबाई आता सत्तरीला टेकली होती. गाय नव्हती, दोन बकऱ्या होत्या. तिनं माणिकरावांना आवाजावरून ओळखलं, बाज टाकली, सगळ्यांची खुशाली विचारली. माणिकराव इकडचं तिकडचं बोलत बसले नाहीत. बसले असते तर पुन्हा तसेच परतले असते.

"बाई, त्या वर्षी तुमची गाय गेली."

"गाडी बंद होती तुमची."

"बंद होती. पण चालू झाली असती. पंधरा मिनिटाचं काम होतं. मी खोटं बोललो."



"मंग काऊन नाई आले?"

बावीस वर्षांत माणिकरावांनी स्वतःशी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तिच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. "कंटाया आला होता," ते म्हणाले. "हात धुतले होते."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. मग म्हणाली, "हे तुळशीरामले सांगाले पायजे होतं तुमी."

"कोठी हाये तो?"

"त्याले दोन वर्स झाले जाऊन. त्या दिवशी तो तुमच्याकडं येतानी फाट्यावर चा प्याले थांबला होता. सकायपासून पोटात काई नोतं त्याच्या. तुमची गाडी आत्ताच बंद झाली असं तुमी त्याले सांगतलं ना? त्याच्या डोक्यात तेच बसलं. म्हने, चा प्यालो नसतो तं गाडी बंद व्हायच्या आंधी पोचलो असतो. त्या दिसापासून त्यानं चा सोडला. मरेपर्यंत घेतला नाई. मी लय समजावलं. म्हने, वहिनी, तुमची गाय मी मारली."

माणिकराव बाजेवर बसून होते. त्यांना काही बोलायचं होतं, पण ज्याच्याशी बोलायचं तो उरला नव्हता. नको म्हणून वर केलेला तुळशीरामचा हात त्यांना दिसत होता, आणि त्या हाताबद्दल आपण पंधरा वर्षं मनात काय धरून होतो, तेही.

"मले वाटे तो माझ्यासंगं..." ते म्हणाले आणि थांबले.

"काय वाटे?"

"काई नाई."

रुखमाबाईनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत, आणि असू द्या असंही म्हणाली नाही. "आभाय भरून आलं," ती म्हणाली. "निघा आता. फाट्यापर्यंत चालनं हाये तुमाले." तिनं बकऱ्या सोडल्या आणि आत घेऊन गेली. माणिकराव पांदणीला लागले.

घरी जनकाबाईनं पाणी दिलं आणि विचारलं, "सांगतलं?"

"हो."

"आन् तुळशीरामले?"

"तो नाई राह्यला," माणिकराव म्हणाले. चहाची सगळी हकीकत त्यांनी तिला सांगितली. ती एवढंच म्हणाली, "मी बी तेव्हा आत निघून गेली."

श्रावण सरता सरता फाट्यावर गायवाडीचा एक माणूस भेटला. रुखमाबाईची बकरी आजारी होती, तो सांगत होता. मोबाईल लावून चिखलीच्या नव्या डॉक्टरला बोलावलं, आता बरी आहे. निवृत्तीनंतरही तिच्या जनावराला काही झालं की आजवर ती आधी माणिकरावांना निरोप पाठवायची, निदान विचारायची तरी. यंदा निरोप आला नव्हता. त्यात काही राग नसेल, फोन सोपा पडतो, असं घरी जनकाबाई म्हणाली. माणिकरावांनी मान डोलावली.