आतून लावलेली कडी

मास्तरांचं ते बंद दार अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीत मी दारं पुष्कळ उघडली, काही वॉरंट दाखवून, काही खांद्यानं. पण या दाराआड गुन्हेगार नव्हता. एक सरळमार्गी म्हातारा माणूस होता, आणि तो आम्हालाच घाबरून बसला होता.

कोल्हापुरात मी ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. जवळच्या जैन बस्तीतले, म्हणजे मंदिरातले, पूजा करणारे उपाध्ये ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी घुटमळत होते. तक्रार द्यायला आलेला माणूस आधी बसतो. हे बसेनात. मी आत बोलावलं.

"साहेब, आमचं मास्तर दोन दिवस झालं बस्तीत आल्यालं न्हाईत. दर्शन झाल्याबिगर ते अन्नाला शिवत न्हाईत, तसा नेम हाय त्यांचा."

"आजारी असतील."

"हाक मारली तर आतनं म्हणालं, बरा हाय, जावा. आजारी माणूस दार तरी उघडंल की! आन् आत कोणतरी हिंदीत बोलत हुतं."

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पत्नी वारलेली, मुलगा बंगळुरात नोकरीला, घरात एकटेच. घरात कोंडलेला वृद्ध आणि आत परका आवाज, एवढं ऐकल्यावर मला चहा गोड लागेना. खोटे पोलीस बनून फोनवरून 'अटक' करायची आणि पैसे उकळायचे, हा धंदा तेव्हा जोरात होता. स्टेशन डायरीला नोंद करून मी एक हवालदार आणि उपाध्ये यांना घेऊन निघालो.

हवालदारानं जिना चढून दार वाजवलं आणि पोलीस असल्याचं सांगितलं. आतून मास्तरांचा आवाज आला, "तुम्ही येणार हे फोनवरच्या साहेबांनी सांगितलंय मला. इथले पोलीस तस्करांच्या टोळीला सामील आहेत. मी दार उघडणार नाही. दहा वाजता बँकेतलं काम झालं की मी सुटतो."

बँक उघडायला थोडाच वेळ होता.

"दार पाडतो की साहेब, एका दणक्याचं काम हाय," हवालदार कुजबुजला.

माझा स्वभावही तापटच. पण दोन दिवसांचा उपाशी म्हातारा, वर घाबरलेला. दार पडताना तो आत काय करून घेईल सांगता येत नव्हतं. शिवाय दार पाडून आम्ही त्याला दिसलो असतो ते त्या भामट्यानं वर्णन केल्यासारखेच. मी हवालदाराला जिन्याखाली पाठवलं आणि उपाध्यांना विचारलं, "आजचा अभिषेक झालाय?"

"व्हय की."

"मग गंधोदक घेऊन या."

अभिषेकाचं ते पाणी त्यांनी वाटीतून आणलं. गंधोदकापाशी चामडं चालत नाही, म्हणून मी बूट काढले, कमरेचा चामडी पट्टा सोडून जिन्यात ठेवला आणि भिंतीला लागून उभा राहिलो. उपाध्यांनी हाक दिली.

"मास्तर, गंधोदक आणलंय."

आतून पावलं दाराशी आली. मग कडी वाजली आणि दार वीतभर उघडलं. मास्तरांनी बोटं बुडवून गंधोदक डोळ्यांना लावलं, डोक्याला लावलं, आणि त्यांना रडू कोसळलं. दार ढकलायची हीच वेळ होती. मी ढकललं नाही. त्यांची नजर माझ्या वर्दीवर आली, मग पट्टा नसलेल्या कमरेवर, मग अनवाणी पायांवर.

"या," ते हलक्या आवाजात म्हणाले.

आतल्या खोलीत मोबाइल पुस्तकांना टेकवून ठेवला होता. पडद्यावर खाकीतला एक जण खेकसत होता, "कौन आया था?" कॅमेऱ्यात न येता मी मास्तरांच्या कानाशी म्हणालो, "कोणी नाही म्हणून सांगा."

"मी खोटं बोलत नाही," मास्तर पुटपुटले.

काय म्हणावं या माणसाला! "मग खरं तेच सांगा. आणि पैसे कुठं भरायचे ते विचारा."

मास्तर मोबाइलपुढं बसले. "मंदिरातले उपाध्ये गंधोदक घेऊन आले होते. आता खाते क्रमांक सांगा." पडद्यावरच्याला संशय आला. त्यानं खोली फिरवून दाखवायला सांगितलं. मी पटकन दाराआड सरकलो. मास्तरांनी मोबाइल फिरवला आणि शाळेत वापरत असतील त्या आवाजात दरडावलं, "क्रमांक सावकाश सांगा. नीट ऐकू येत नाही."

त्यानं सांगितला. मास्तर एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेले, दाराआडून मी टिपत गेलो. उपाध्यांनी तो कागद जिन्याखाली नेऊन दिला आणि हवालदारानं क्रमांक लगेच सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला कळवला. मग मी कॅमेऱ्यासमोर आलो. "तुमचं पोलीस ठाणं कुठलं? अटकेची खबर नातेवाइकांना दिली का?" पडदा काळा झाला.

आदल्या दिवशी मास्तरांनी मोबाइलवरूनच भरलेली रक्कम बहुतेक बुडाली. उरलेली ठेव वाचली. ते खातं जवळच्या हुपरी गावाकडच्या एका तरुणानं कमिशनवर वापरायला दिलं होतं. चौकशीत आधी त्यानं कानावर हात ठेवले. मी त्याला मास्तरांसमोर बसवलं. मास्तर एवढंच म्हणाले, "बाळ, पासबुक कुणाला दिलंस?" त्यानं मान खाली घालून नाव सांगितलं आणि तिथून पुढची माणसं हाती लागली.

मी मास्तरांना विचारलं होतं, "मुलाला एक फोन का नाही केलात?" ते म्हणाले, "माझ्या नावानं अमली पदार्थांचं पार्सल सापडलंय म्हणाले. हे मुलाला कोणत्या तोंडानं सांगू?" भामट्यांनी पैशाच्या आधी त्यांची अब्रू धरली होती. लाजेपायी माणूस स्वतःच आतून कडी लावतो, हे मला त्या घरात कळलं.

पुढं बस्तीच्या सभागृहात आम्ही ज्येष्ठांसाठी कार्यक्रम घेतला. फोनवरून अटक होत नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. लोक माना डोलवत होते. मग मास्तर उठले आणि आपण कसे फसलो ते स्वतःचं नाव घेऊन सांगितलं, रडलो तेसुद्धा. मागच्या रांगेत एक वयस्कर बाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

"माझ्या मोबाइलवर बी कालपासनं एक साहेब हाय. देवाला जाऊन येते म्हणून आलेय. कुणाला सांगू नको म्हणालाय."

माझ्या भाषणानं त्या उठल्या नव्हत्या. मी काही बोलायच्या आत मास्तर व्यासपीठावरून उतरून त्यांच्यापाशी पोहोचले होते.

"चला आक्का, मी येतो तुमच्या घरी. तुम्ही काही चूक केलेली नाही."