निकेलखालची खूण

माझं उभं आयुष्य बंदुकांच्या दुरुस्तीत गेलं. परवाना असलेल्या एका जुन्या दुकानात कारागीर होतो. आता मुलुंडला घरीच असतो, पण जुनी हत्यारं जमवणारे अधूनमधून बोलावतात. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, हे कारखान्यातून निघालं तसंच आहे, की मध्ये कोणी हात लावलाय?

मागच्या वर्षी माझ्या शाळेतल्या मित्राचा फोन आला. "आबांचं रिव्हॉल्वर बघायला ये रे. पपांना आता लायसन झेपत नाही, मला ते घरात नकोय. पलटणीच्या संग्रहालयाला विचारलं, ते घेतो म्हणाले. फक्त ओरिजिनल आहे असं जाणकाराकडून लिहून हवंय."

त्याचे आबा, म्हणजे आजोबा, मालवणकडचे. फौजेत सुभेदार होते. निवृत्त होताना त्यांच्या साहेबाने रीतसर कागद करून ते रिव्हॉल्वर त्यांना दिलं होतं. आम्ही शाळेत असताना खंडेनवमीला घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत ते पाटावर मांडलेलं असायचं. झेंडूच्या फुलांत ते इतकं चमकायचं की मला ते खेळण्यातलं वाटायचं.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. मी गेलो तेव्हा मित्राचे वडील खिडकीशी खुर्चीत बसले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. भांडुपला नळ आणि तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात ते निकेल चढवायचं काम करायचे. ऐंशी कधीच ओलांडलीय, पण हात अजून स्थिर. त्यांनीच कपाटाचं कुलूप उघडलं, रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री करून दाखवली आणि मऊ फडक्यावर माझ्यापुढे ठेवलं.

"चमकता कसा बघ," ते म्हणाले.

तिथेच मला शंका आली. फौजेच्या हत्याराला चमक नसते. कारखान्यातून ते निळसर काळ्या रंगात बाहेर पडतं. तरी एवढ्यावरून काही ठरवायचं नसतं. मी भिंग काढलं. नळीवरचा आणि फ्रेमवरचा नंबर जुळत होता, गोळ्या भरायच्या चक्रीवरचाही. म्हणजे भाग बदललेले नव्हते. पण आकड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. ठशाने उठवलेल्या अक्षराची कड धारदार असते, बोटाला लागते. इथे बोट नुसतंच घसरत होतं. स्क्रूच्या भोकांच्या कडा गोल झाल्या होत्या. निकेलच्या खाली कोणीतरी धातू बफच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरून मनापासून घासला होता.

मग मुठीच्या मागची पट्टी बघितली. पलटणीची खूण तिथे कोरतात. संग्रहालयाला रस होता तो त्या खुणेतच, कारण साहेबाच्या कागदात नुसता नंबर होता, हत्यार त्यांच्या पलटणीचं असल्याचा दुसरा काही पुरावा नव्हता. पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती. तिच्यात मला माझीच मिशी दिसली.

मित्र म्हणाला, "काय रे? बोल ना."

"आपण जरा गॅलरीत जाऊया."

"गॅलरीत कित्याक?" काका म्हणाले. "माझ्यासमोर सांग."

मी सांगितलं. भाग सगळे मूळचे आहेत, पण घासून वर निकेल चढवलंय. असं हत्यार मूळ स्थितीतलं धरत नाहीत. पलटणीची खूणही गेलीय.

मित्र चिडला. "कोणी केलं हे? कुठल्या गाढवाकडे दिलं होतं दुरुस्तीला?"

"मीच घासलंय तां," काका म्हणाले.

मग तेच हळूहळू सांगू लागले. आम्ही अगदी लहान असताना, आबा थकल्यावर, रिव्हॉल्वरवर गंजाचे ठिपके आले होते. काकांना त्याची लाज वाटली. सुभेदाराचं हत्यार, आणि पोरगा रोज परक्यांच्या तोट्या चमकवतो. आबांची परवानगी घेऊन, त्यांना सोबत नेऊन, मालकाला विचारून त्यांनी सुट्टीच्या दिवशी कारखान्यात ते काम केलं. आबा बाकावर बसून बघत होते.

"ते काही म्हणाले नाहीत?" मी विचारलं.

"नाय. चमकल्यावर हातात घेतलानी, म्हणाले, बरा झाला." काकांनी मुठीकडे बोट दाखवलं. "मागच्या पट्टीवर ते सारखो अंगठो फिरवायचे. माका वाटला, थंय खरचटलाहा, हाताक लागता. म्हणून तीच जागा जास्त घासलंय."

मित्राने मान फिरवली. मघाचा त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

काकांनी रिव्हॉल्वर उचलून उजेडात धरलं. "निकेल मी आजपण उतरवीन. पण ती अक्षरां परत येवची नाय. होय ना?"

"नाही, काका."

मी जे दिसलं तेच लिहून दिलं. दुसरं काही लिहिता येण्यासारखं नव्हतं. संग्रहालयाने आदराने नकार कळवला. घेण्याजोगं दुसरं कोणी सापडलं नाही. शेवटी हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं ठरलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, मला सोबत घेतलं होतं. टेबलामागच्या तरुण अंमलदाराने ते हातात घेतलं आणि खूश होऊन म्हणाला, "झकास ठेवलंय हो आजोबा! नवंकोरं वाटतंय."

काकांनी मान हलवली. मग त्याला विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेत पुसलेले नंबर ॲसिड लावून काढतात म्हणे. ह्याची खूण काढतील?"

"ते गुन्ह्यातल्या हत्याराचे, आजोबा," तो समजुतीने म्हणाला. "ह्याने कुठे काय गुन्हा केलाय?"

पावती घेऊन आम्ही बाहेर आलो. रिक्षातून उतरताना काका एवढंच म्हणाले, "त्यांनी माका सांगूक होया होता रे."

मला आजही वाटतं, आबांनी तेव्हा बाकावरून नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं. का केला नसेल? कदाचित पोराचा उत्साह मोडवला नसेल. कदाचित त्यांना स्वतःलाच ती खूण आता फारशी महत्त्वाची वाटत नसेल. विचारायला कोणी उरलेलं नाही.

काकांचा दुपारी कधीकधी फोन येतो. तब्येतीचं बोलून झालं की मूळ विषय निघतो. त्या पट्टीवर आधी पलटणीचं नाव असायचं की आकडा, ओळ उभी असायची की आडवी? मला सर्वसाधारण पद्धत माहीत आहे, ती मी सांगतो. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "तशी नसात. आमच्याची येगळी होती." मग आठवायचा प्रयत्न करतात, आणि मी फोन धरून बसतो.