आता तुमचं गाव

इथे आखातात, माहूजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक म्हातारे इंग्रज राहतात. लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्याच्या गप्पा नाहीत, थेट त्यांचं गाव. रविवारी चर्चला जाताना बायका बेकरीत मटण ठेवायच्या आणि परतताना भट्टीत भाजलेलं घरी न्यायच्या, हे मला आता तोंडपाठ आहे. सांगून झालं की म्हणतात, "आता तुमचं." मग मी वसईचं काहीतरी सांगतो.

परवा त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "तुझं गाव कुठलं?"

"माहूज."

त्यांनी लिफ्टच्या दारात काठी आडवी घातली. "इथे तू राहतेस. तुझ्या गावात मे महिन्यात क्रूसापुढे प्रार्थना होते. आधी सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात, मग प्रार्थना."

"नो, अंकल!" ती उसळली. "प्रेयर फर्स्ट. चणे आफ्टर दॅट!"

मी हे घरी सांगायचो, तेव्हा तिची मान मोबाइलमधून वर येत नसे.

"चुकलोच," म्हणत त्यांनी काठी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. चणे आधी वाटले तर पोरं पळून जातात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. तेव्हा ते पोट धरून हसले होते.