पश्चिमेची खिडकी

मोकळ्या जागेवर पाऊल टाकलं की मिस्त्रीचाचा आधी खांद्यावरचा रुमाल उंच धरायचे. तो कुठल्या अंगाला फडफडतो ते बघायचे आणि म्हणायचे, "आधी हवेला इचारू द्या. मग तुम्हाला इचारतो."

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. मला ते भेटले छावणीच्या पलीकडं घर बांधायला काढलं तेव्हा. मी शाळामास्तर. भाड्याच्या खोलीवर पत्रे होते आणि त्यांच्याखाली माझी आई उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढचा उन्हाळा इथं नको. म्हणून घराची घाई.

आमच्या जागेचा रस्ता पश्चिमेला. शेजारच्या नव्या घरांना रस्त्याकडं ऐसपैस खिडक्या होत्या. माझ्या बायकोला तशीच हवी होती. चाचांनी ऐकून घेतलं, बिडी विझवली.

"नाय मास्तर. पश्चिमेला एवढी खिडकी मी नाय ठेवणार."

"घर माझं आहे, चाचा."

"हौ, तुमचंच. पर दुपारी आत अम्मा बसणार ना?"

मी चिडलो. दुसरा मिस्त्री बघतो म्हणालो. त्यांनी थापी, ओळंबा पिशवीत घातला आणि गेले.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या उन्हात चाचा दारात हजर. माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाले, "भाभी, पाच मिनिटं चला." आमच्या जागेशेजारच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी तिला हात लावायला सांगितलं. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग मागची, उत्तरेची भिंत. तिथं ती तळवा टेकवून उभीच राहिली.

"खिडकी नको," ती म्हणाली. आमच्या घरात तेवढ्यानं वाद मिटतो.

पश्चिमेला चाचांनी जिना, न्हाणी आणि कोठी टाकली. ऊन त्यांच्यावरच अडलं. मधल्या खोलीला समोरासमोर खिडक्या, त्यांच्यावर हातभर पुढं आलेले छज्जे. छताजवळ झरोके. "गरम हवा वर जाती, तिला बाहेर पडायला वाट पायजे." भिंती जाड, गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात. गल्लीतले हसायचे, मास्तरांचं घर रस्त्यावर रुसलंय म्हणायचे. मलाही लाज वाटायची.

पहिल्याच मे महिन्यात दोन दिवस वीज गेली. हसणाऱ्यांच्या बायका तान्ही पोरं घेऊन आमच्या मधल्या खोलीत येऊन बसल्या. आई त्यांच्यात चिंच निवडत होती. मला म्हणाली, "त्या मिस्त्र्याला सांग, लई गार केलंय." त्या घरात ती अकरा उन्हाळे जगली.

पुढं जनगणनेच्या कामाला चितेगावला गेलो, तेव्हा चाचांचं घर पाहिलं. वर पत्रे, दाराला ओलं गोणपाट. आत चाचा घामानं निथळत बसलेले.

"चाचा, हे काय?"

"जागा दुसऱ्याची, मास्तर. तिच्यावर जाड भिंत कोण बांधू देतंय?" ते हसले. मला हसता आलं नाही. घरी चला म्हणालो, उन्हाळ्याचे चार महिने राहा. "येतो कधीतरी," म्हणाले.

आले ते एकदाच, डोळे तपासायला शहरात आले होते तेव्हा. त्याच पावसाळ्यात ते वारणार होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! वैशाखातली दुपार होती. बायकोनं जेवायला वाढलं. जेवून मधल्या खोलीत त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, झरोक्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "जरा पाठ टेकतो."

उघड्या फरशीवरच आडवे झाले. मी उशी घेऊन येईपर्यंत घोरायला लागले होते. जन्मभर लोकांना गार घरं बांधून देणारा माणूस पहिल्यांदाच त्यातल्या एका घरात दुपारचा झोपला असावा.

बायकोनं भांडी घासायची थांबवली. गळक्या नळाखाली फडकं ठेवलं. तेवढ्यात फाटक वाजलं. दूधवाला हाक मारणार, तोच ती अनवाणी धावत गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हळू. आमचे मिस्त्री झोपलेत."